स्वच्छ नावाची किंमत

संगणकाच्या आणि मोबाइलच्या सुरक्षेबद्दल घरोघरी ऐकू येणारी मतं मोजकीच आहेत. 'आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?' 'ओटीपी कुणाला सांगितला नाही की झालं.' 'मोबाइल आपलं बोलणं ऐकतो.' 'त्याचे पैसे गेले ते त्याच्याच मूर्खपणाने.' जाणकार या मतांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकतात आणि वर्तमानपत्रं 'सावध राहा' असं सांगून मोकळी होतात. पण चुकीचं मतसुद्धा कुठल्या ना कुठल्या अनुभवातून तयार झालेलं असतं. तो अनुभव कोणता, आज तो कुठपर्यंत पुरतो आणि कुठे दगा देतो, एवढाच या विवेचनाचा विषय आहे. देशादेशांमधलं सायबरयुद्ध, हेरगिरीची सॉफ्टवेअरं वगैरे थरारक भाग बाहेर ठेवला आहे.

तपासणीसाठी भिलाईचा सेक्टर 2 घेतला, त्याला कारण आहे. ही पोलाद कारखान्याची वसाहत. इथलं उघडेपण घरांच्या आखणीतच आहे. आणि देशातल्या सर्वांत गाजलेल्या ऑनलाइन सट्ट्याच्या प्रकरणाला ज्या शहराचं नाव चिकटलं, तेही हेच. मतं कशी घडली आणि कशी मोडली, हे दोन्ही इथे एकाच पिन कोडच्या आसपास पाहायला मिळतं.

वसाहतीतलं उघडेपण

सोव्हिएत संघाशी 2 फेब्रुवारी 1955 ला करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरच्या या माळरानात देशभरातून माणसं आली. नागपूर, भंडारा, गोंदिया इकडची मराठी कुटुंबं आली, तशीच आंध्र, केरळ, बिहार, बंगालमधलीही. त्यांच्यासाठी आखलेल्या सेक्टरांत क्वार्टर मिळायचं ते ग्रेडप्रमाणे. म्हणजे पत्ता सांगितला की हुद्दा कळला, हुद्दा कळला की पगार कळला. कोण फर्स्ट शिफ्टला, कोण नाइटला, कुणाला सेक्टर 9 च्या हॉस्पिटलात दाखल केलंय, कुणी मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून पैसे काढले, हे सगळं रस्त्याला ठाऊक. छठपूजेला सेक्टर 2 च्या तलावावर उभं राहिलं तर अर्ध्या वसाहतीची घरगुती हकिगत कानावर पडते.

अशा ठिकाणी वाढलेला माणूस खासगीपणाबद्दल बेफिकीर असतो, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याचा हिशेब वेगळा असतो. इथली माहिती दुतर्फा होती. शेजाऱ्याला माझा पगार ठाऊक, तसा मलाही त्याचा. शिवाय ती जागेला बांधलेली होती. माझ्या कर्जाची बातमी फार तर पॉवर हाउसच्या बाजारापर्यंत जायची आणि वर्षभरात शिळी व्हायची. या दोन बंधनांमुळे उघडेपणाचा त्रास कमी आणि उपयोग जास्त. घरात कुणी आजारी पडलं तर न सांगता चार जण दारात उभे राहायचे. 'लपवण्यासारखं काय आहे' हे मत या व्यवहारातून आलं आहे, आणि त्या व्यवहारापुरतं ते शहाणपणाचंच आहे.

मोबाइलवर दिलेल्या माहितीला ही दोन्ही बंधनं नाहीत. ज्याच्याकडे माझा आधार क्रमांक, जन्मतारीख आणि खात्याचा क्रमांक आहे, त्याच्याबद्दल मला काडीचीही माहिती नसते. आणि ती नोंद शिळी होत नाही. आठ वर्षांपूर्वी सिमकार्डासाठी दिलेली झेरॉक्स आजही तितकीच ताजी असते. नियम बदलले ते इथे. माणसं तीच राहिली.

लपवण्यासारखं काही नाही

हे मत आधी त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडायला हवं. निवृत्त फिटर म्हणतो, 'माझं पेन्शन किती ते गल्लीला ठाऊक. कर्ज फिटलं, मुलं बाहेर नोकरीला, कुणाचं देणं नाही. माझा आधार नंबर कुणी पाहिला तर माझं जाणार काय?' यावर 'मग घराला पडदे कशाला लावता?' असं ठरीव उत्तर दिलं जातं. ते उत्तर फसवं आहे. पडदा लाजेसाठी असतो, आणि हा माणूस लाजेबद्दल बोलतच नाही. तो नुकसान दाखवा म्हणतो.

दुसरं उत्तर कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला आणि हे सुखवस्तूंचे चोचले आहेत हा युक्तिवाद फेटाळला. निकाल मोठाच आहे. पण हक्काची भाषा आमच्या फिटरच्या प्रश्नाला भिडत नाही. त्याला हक्क नकोय असं नाही. त्याने विचारलेला प्रश्न तोट्याचा आहे.

तोट्याचं उत्तर भिलाईनेच दिलं. महादेव अॅपचं प्रकरण आता सर्वज्ञात आहे. प्रवर्तक म्हणून नावं आली ती भिलाईच्या दोन तरुणांची; त्यातल्या एकाचं ज्यूसचं दुकान होतं. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे सट्ट्याचा हा कारभार संयुक्त अरब अमिरातीतून चालायचा, गावोगावच्या 'पॅनल'ना फ्रँचायझीसारखा वाटून दिलेला असायचा आणि नफा 70-30 असा वाटला जायचा. 5 नोव्हेंबर 2023 ला केंद्राने महादेवसह 22 अॅप्स आणि संकेतस्थळं बंद केली. पुढे राज्याने तपास सीबीआयकडे सोपवला. आरोप सिद्ध करण्याचं काम न्यायालयाचं; राजकीय धुरळाही पुष्कळ उडाला. आपल्या विषयाला त्यातली एकच गोष्ट लागते, ती म्हणजे पैशाची वाट.

सट्टा लावणाऱ्याचे पैसे कुठल्या तरी बँक खात्यात जमा व्हावे लागतात. ते खातं सट्टेवाल्याच्या नावावर असून चालत नाही. हवं असतं तिसऱ्याच माणसाचं खातं, ज्याच्यावर पोलिसांत नोंद नाही, ज्याचं कर्ज थकलेलं नाही, ज्याच्याकडे बँकेने दोनदा वळून पाहू नये. अशी खाती गोळा केली जातात. कुणी काही हजार रुपयांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम देऊन टाकतो. कुणाला 'सरकारी योजनेचं खातं' सांगून अंगठा घेतला जातो. कुणाच्या कागदपत्रांवर त्याला पत्ता न लागता खातं उघडतं. बँकवाले आणि पोलीस याला म्यूल अकाउंट म्हणतात. हिंदी पट्ट्यात सरळ 'किराए का खाता'. ही खाती ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबला 'म्यूलहंटर' नावाची वेगळी यंत्रणा उभारावी लागली, यावरून या धंद्याचा आवाका लक्षात यावा.

आता फिटरचा प्रश्न पुन्हा वाचा. लपवण्यासारखं काही नसणं, देणं नसणं, पोलिसांत नाव नसणं, पेन्शन दर महिन्याला वेळेवर जमा होणं: ही निर्धास्तपणाची कारणं म्हणून त्याने सांगितली. बाजारात नेमक्या याच गोष्टींना भाव आहे. ज्याचं नाव डागाळलेलं, त्याचं खातं या धंद्यात कुचकामी. चाळीस वर्षं सचोटीने नोकरी केलेल्या माणसाचं नाव हा इथे कच्चा माल असतो. चोर गुपित शोधत येतो, अशी जुनी समजूत आहे. हा चोर गुपित नसलेला माणूस शोधत येतो.

आणि तोटा किती? गुन्ह्याची तक्रार झाली की पैशाच्या वाटेवरची खाती थराथराने गोठवली जातात. पहिल्या थरात भाड्याचं खातं, दुसऱ्यात जिथे तो पैसा फिरला ते, आणि पुढे कधी कधी ज्याने केवळ माल विकून यूपीआयने पैसे घेतले त्या दुकानदाराचंही. खातं गोठलं की त्यातलं पेन्शनही गोठतं. तक्रार नोंदली जाते परराज्यात, आणि सत्तरीतल्या माणसाला खुलासा करायला कुठल्या तरी अनोळखी जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. 'माझं काय जाणार' याचं उत्तर असं पत्त्यासकट देता येतं.

ओटीपी सांगितला नाही

दुसरं मत पहिल्याहून सुधारलेलं आहे. सरकार आणि बँका यांनी वर्षानुवर्षं घोकून घेतल्यामुळे ते पक्कं बसलं आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण हा नियम पाळता येतो का, हे पाहायला चॉइस सेंटरवर जावं लागतं. ऑनलाइन सरकारी कामांच्या दुकानाला छत्तीसगडात हे नाव आहे.

निवृत्त माणसाला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो 'जीवन प्रमाण'ने डिजिटल झाला, आणि सोय खरोखरच झाली. सेंटरवर चित्र असं दिसतं. बाकावर सात-आठ वृद्ध. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पेन्शनच्या आदेशाची (पीपीओची) प्रत, आधारची झेरॉक्स, पासबुक. ऑपरेटर पंचविशीचा. तो क्रमांक टाकतो आणि म्हणतो, 'अंकल, ओटीपी आया होगा.' अंकलना बारीक अक्षर दिसत नाही. ते मोबाइल उघडून त्याच्याच हातात देतात. तो ओटीपी बघतो, टाकतो, फोन काउंटरवर ठेवतो. मग अंगठा. भट्टीजवळ, तेलात आणि लोखंडात तीस-तीस वर्षं राबलेल्या अंगठ्यांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ठसा घेत नाही. 'पोंछ के रखिए.' पुन्हा नाही. दुसरं बोट, मग डाव्या हाताचं. पाचव्या-सहाव्या वेळी हिरवा दिवा लागतो. त्या सहा वेळांत ठसा कुठल्या पडद्यावर कशासाठी गेला, हे अंकल पाहत नाहीत. ऑपरेटर प्रामाणिक असतो, बहुतेक असतातच. पण अंकलच्या सुरक्षेचा सगळा भार त्या एका प्रामाणिकपणावर असतो, आणि 'ओटीपी सांगू नका' असं बजावणारी व्यवस्थाच त्यांना इथे आणून बसवते.

हा झाला नियम मोडण्याचा भाग. नियम पाळूनही पैसे जातात, तो भाग जास्त महत्त्वाचा.

एक, लग्नपत्रिका. व्हॉट्सअॅपवर ओळखीच्या नंबरवरून पत्रिका येते. तो नंबर आधीच लुबाडलेला असतो. फाइलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ ऐवजी एपीके असतं, म्हणजे ती पत्रिका नसून अॅप असतं. ते बसवताना एसएमएस वाचायची परवानगी मागितली जाते. लग्नसराईचे दिवस, घाईत 'अलाउ' दाबलं जातं. त्यानंतर ओटीपी कुणाला सांगावा लागत नाही. अॅप तो परस्पर वाचून पाठवतं. वाहनाच्या चलनाच्या आणि शेतकरी योजनांच्या नावानेही हेच चालतं.

दोन, आधारवर चालणारा पैसे काढण्याचा मार्ग. गावातल्या बँक मित्राकडे आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे मिळतात. यात ओटीपी नसतोच. ज्या मजुराकडे फोन नाही त्याच्यासाठी ही व्यवस्था आहे, आणि त्याला ती वरदान ठरली हे नाकारता येत नाही. पण काही राज्यांत जमिनीच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे उतरवून त्यांचे रबरासारखे साचे बनवले गेले आणि खाती रिकामी झाली. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही.

म्हणजे ओटीपीचा नियम एका दाराचा नियम आहे, आणि तो सगळ्या घराचा म्हणून शिकवला गेला. दोष शिकवणाऱ्याचा. आधारच्या झेरॉक्सचंच पाहा. 27 मे 2022 ला आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने सूचना काढली की प्रती कुणालाही देऊ नका, शेवटचे चार आकडे दिसतील असं मास्क्ड आधार वापरा. दोनच दिवसांनी ही सूचना मागे घेतली गेली, गैरसमज होईल म्हणून. सल्ला बरोबर होता. मागे घेतल्यामुळे लोकांच्या मनात राहिला तो एवढाच अर्थ, की झेरॉक्स दिली तरी चालतं.

किरकोळ मतं

काही मतांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. 'दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला' हा सल्ला अमेरिकेच्या मानक संस्थेच्या 2003 च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. 2017 मध्ये त्या संस्थेनेच तो सोडून दिला, आणि ती मार्गदर्शिका लिहिणाऱ्या बिल बर यांनी पश्चात्तापही व्यक्त केला. सतत बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा तेवढा बदलतो, एवढं साधं कारण. लांब पासवर्ड ठेवावा आणि तो गळाला असं कळलं तरच बदलावा. ब्राउझरमधल्या पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह म्हणजे साइट खरी, हेही चूक. कुलूप म्हणजे वाटेत कुणी वाचत नाही इतकंच. पलीकडे ठग बसलेला असला तरी कुलूप असतंच. गूगलने सप्टेंबर 2023 मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढूनच टाकलं.

'मोबाइल ऐकतो' हे मत मात्र थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. घरात मिक्सरची चर्चा झाली आणि संध्याकाळी मिक्सरची जाहिरात दिसली, हा अनुभव खोटा नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 17,260 अँड्रॉइड अॅप्स तपासली. गुपचूप माइक चालू करून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. पडद्याची चित्रं परस्पर तिसऱ्या कंपनीला धाडणारी मात्र सापडली. मग जाहिरात आली कशी? सूनबाईंनी दुपारी मिक्सर शोधला, घरातले सगळे फोन एकाच वायफायवर, आणि जाहिरातवाल्यांच्या वहीत हे सगळे एक घर म्हणून नोंदलेले. ऐकण्याची गरजच पडत नाही. लोकांचा संशय योग्य माणसावर आहे, फक्त चोरीची रीत चुकीची सांगितली जाते.

दोष कुणाचा

राहिलं चौथं मत, आणि माझ्या मते सर्वांत घातक तेच आहे. पैसे गेले की शेजारी-नातेवाईक म्हणतात, 'इतकं शिकलेला, तरी फसला.' 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी डिजिटल अरेस्टचा, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेचा, विषय घेतला तेव्हा शिकलीसवरलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं फसली असल्याचं सर्वांना ठाऊक होतं. तरी खासगीत सूर तोच.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण या मताला उभा छेद देतं. 11 आणि 13 ऑगस्ट 2018 या दोन दिवसांत बँकेचे 94 कोटींहून अधिक रुपये गेले. एटीएमची विनंती आल्यावर 'पैसे द्या' की 'नको' हे ठरवणारा जो स्विच असतो, त्याच्या जागी हल्लेखोरांनी आपला बनावट स्विच बसवला. बनावट कार्डांना तो बिनदिक्कत होकार देत राहिला, आणि 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, कोल्हापुरातूनही. जवळपास 14 कोटी बँकांच्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या खात्यात गेले. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली. ग्राहकाने यात काय चूक केली होती? काहीही नाही. कुणाचाही ओटीपी गेला नव्हता.

भिलाईच्या माणसाला हे कारखान्याच्या उदाहरणाने चटकन पटतं. 9 ऑक्टोबर 2018 ला कोक ओव्हनच्या गॅस लाइनवर काम चालू असताना आग लागून अनेक कामगार गेले. अशा वेळी चौकशी विचारते, लाइन बंद केली होती का, परमिटवर सही कुणाची, वर गॅस तपासला कुणी. 'तो मूर्ख होता' हा निष्कर्ष कुठलीच चौकशी लिहीत नाही. लिहिला तर युनियन फाडून टाकील. मोबाइलवर फसलेल्यासाठी मात्र तीच माणसं पहिला निष्कर्ष हाच काढतात.

या मताची किंमत रुपयांत मोजता येते. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात जबाबदारी ठरवून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला तोटा शून्य. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्या कुणाची असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास तोटा शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवल्यास मर्यादित, साध्या बचत खात्याला 10,000 रुपयांपर्यंत. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा बोजा बँकेवर. 1930 या क्रमांकावर लवकर तक्रार झाली तर वाटेतल्या खात्यांत पैसा अडवताही येतो. सगळं घड्याळावर आहे. आणि फसलेले काका पहिले तीन दिवस काय करतात? मुलाला कळू नये म्हणून गप्प बसतात.

'लपवण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा काही लपवावंसं वाटतं ते या वेळी. ज्या उघडेपणाचा त्याला एरवी आधार होता, तो नेमका हवा तेव्हा उपयोगी पडत नाही, कारण आता रस्त्याला कळणं म्हणजे रस्त्याने हसणं.

कायदा हळूहळू येतो आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, चुकणाऱ्या संस्थेला 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत दिली गेली. तोवर जे हातात आहे त्यात आधारच्या ठशांना कुलूप लावण्याची सोय सर्वांत उपयोगी. ठसे लॉक केले की अंगठ्यावर कुणाला पैसे काढता येत नाहीत. दाखल्यापुरतं उघडायचं, पुन्हा बंद करायचं. ही सोय आधारच्या पोर्टलवर फुकट आहे. तिच्यासाठी लागतो एक व्हर्च्युअल आयडी, एक कॅप्चा आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. सेक्टर 2 मधले बहुतेक निवृत्त ते काम चॉइस सेंटरच्या पोराकडूनच करून घेतील, फोन त्याच्या हातात देऊन.